ध्रुव उलटणार? साक्ष लाव्हाच्या कणांची

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र गेल्या सुमारे दोनशे वर्षांत नऊ-दहा टक्क्यांनी क्षीण झाले आहे. दक्षिण अटलांटिकवर तर ते इतके दुबळे आहे, की तिथून जाणाऱ्या उपग्रहांच्या उपकरणांत बिघाड होतात. त्यामुळे ‘ध्रुव उलटणार’ अशा बातम्या अधूनमधून झळकतात. क्षेत्र शेवटचे उलटले ते सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वी. आजची घसरण नेहमीची की वेगळी, हे ठरवायचे तर पूर्वीच्या क्षेत्राची ताकद कळायला हवी. तिची नोंद निवलेल्या लाव्हात असते. पण प्रत्येक खडकाची साक्ष भरवशाची नसते.

लाव्हातील टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे बारीक कण निवताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा आणि तीव्रता टिपतात. टायटॅनियम भरपूर असेल तर ही नोंद तापमान दीड-दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्यावरच होते आणि तेवढ्याच उष्णतेने पुसलीही जाते. वरून नवा लाव्हा वाहिला, की खालच्या थराची आठवण गेली! मात्र जाड थर सावकाश निवत असताना, ६०० अंशांच्या वर, कणांचे ऑक्सिडीकरण झाले तर चित्र पालटते. कणात इल्मेनाइटच्या पातळ पट्ट्या तयार होतात आणि त्यांच्यामध्ये जवळपास शुद्ध मॅग्नेटाइट उरते. त्याचे चुंबकत्व ५८० अंशांपर्यंत टिकू शकते. क्रिया आणखी पुढे गेली तर हेमॅटाइट बनून खडकावर लाली चढते. एका अर्थी हा गंजच, पण नोंद जपणारा.

हेच ऑक्सिडीकरण ५८० अंशांखाली चालू राहिले, तर मात्र चुंबकत्वात रासायनिक बदलाची भेसळ होते. दिशा बहुधा बरोबर निघते, तीव्रता फसवी. १९५०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या काळ्या कातळातील चुंबकत्वाची दिशा मोजली आणि हा खडक तयार झाला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असे दाखवले. तीव्रता मोजणे त्याहून कठीण. एमिल आणि ओडेट तेलिए या फ्रेंच दांपत्याच्या पद्धतीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवावा लागतो आणि या तापवण्यानेच प्रयोगशाळेत नवे ऑक्सिडीकरण सुरू होऊ शकते. म्हणून मधूनमधून कमी तापमानाचे माप पुन्हा घेतात. ते जुळले नाही, तर नमुना बाद.

असे पुष्कळ नमुने बाद होतात. उरलेल्यांवरून काढलेली दीर्घकालीन सरासरीही निवडीचे निकष बदलले की बदलते. तरी अनेक अंदाजांनुसार आजचे, घसरलेले क्षेत्रही त्या सरासरीपेक्षा वरच आहे.