परसांतलें खुराडें

आमच्या घरीं कोंबड्या आहेत, हें लिहितांना माझी लेखणी अजूनहि क्षणभर अडखळते. ज्या घरांत पांच वर्षांमागें अंड्याचें नांव काढण्याचीहि सोय नव्हती, त्याच घराच्या परसांत आज आठ कोंबड्या दाणे टिपीत आहेत. आणि त्यांतील एक खुडूक होऊन बसली म्हणून सर्वांत अधिक काळजी वाटते ती आमच्या सासूबाईंना! हा पालट कसा घडला आणि त्यासाठीं आम्हांस काय किंमत द्यावी लागली, तें या महिन्यांत सांगावयाचें आहे.

आमचें घर बारामतीचें. थोडी शेती नीरा डाव्या कालव्याच्या कडेनें इंदापूरच्या वाटेवर. धाकट्या जाऊबाईंच्या मुलीस मोठें दुखणें होऊन गेलें. अंगीं लौकर शक्ति यावी म्हणून डॉक्टरांनीं तिला रोज एक अंडें देण्यास सांगितलें. पुतण्या शेतकी महाविद्यालयांत शिकलेला. तो म्हणाला, "विकत कशाला आणायचीं? मी कोंबड्या पाळतों." घरांत दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशीं सासूबाईंनीं निकाल दिला. खुराडें विहिरीच्या पलीकडे असावें, अंड्याची चूल आणि भांडें निराळें असावें, आणि जीव पाळावयाचा तर त्याचे हाल होतां कामा नयेत. पहिल्या दोन अटी आम्हीं काटेकोरपणें पाळल्या. तिसरीचा अर्थ मात्र पुढें कळला.

बारा तलंगा आणल्या. पहिले कांहीं महिने केवळ कौतुकांत गेले. मग उन्हाळा आला. आपला हा मुलूख अवर्षणाचा. चैत्र-वैशाखांत परसांतली माती तव्यासारखी तापते. कोंबड्या चोंच उघडी टाकून धापा टाकूं लागल्या, आणि अंड्यांचीं कवचें इतकीं पातळ झालीं कीं उचलतांच बोट आंत जावें. जाऊबाईंना वाटलें, कांहीं रोगच शिरला. खरें कारण साधें होतें. कोंबडीला घाम येत नाहीं. ती धापा टाकून अंगांतली उष्णता बाहेर घालविते. त्या धापांबरोबर रक्तांतील कर्बवायु प्रमाणाबाहेर निघून जातो, आणि कवचास लागणारा चुना नीट तयार होत नाहीं. एका अंड्याच्या कवचांत सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम असतें. तें रोजच्या खाण्यांतून मिळालें नाहीं, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. आम्हीं खुराड्यावर उंसाच्या पाचटाचें छप्पर घातलें, सावलींत मातीच्या परळांत दिवसांतून तीनदां गार पाणी ठेविलें, आणि शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यांत मांडली. थोड्याच दिवसांत अंडीं सुधारलीं. आम्हांला वाटलें, आतां सर्व कळलें!

नेमकी याच समजुतींत चूक झाली. दिवाळीपूर्वी बाजारांतून दोन देखण्या कोंबड्या स्वस्तांत मिळाल्या म्हणून घरच्याच एका माणसानें आणल्या आणि त्याच संध्याकाळीं त्या जुन्यांबरोबर कोंडल्या. आठ दिवसहि गेले नसतील, तों त्यांतील एक कोपऱ्यांत पिसें फुलवून बसली. दुसऱ्या दिवशीं हिरवट हगवण, श्वासाची घरघर. तिसऱ्या दिवशीं मान पिळवटून तिनें प्राण सोडला. मग जुन्यांची पाळी आली. अंडीं एकाएकीं थांबलीं. रोज सकाळीं खुराड्याचें दार उघडावयास कोणी धजेना. चौदापैकीं नऊ गेल्या.

खेड्यांत या रोगाला मानमोडी म्हणतात. शास्त्रीय नांव राणीखेत. १९२६ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें तो ओळखला गेला, आणि त्यानंतर लौकरच आपल्याकडे कुमाऊंतील राणीखेत येथें आढळला, म्हणून हें दुहेरी नांव. हा विषाणूचा रोग आहे. एकदां जडल्यावर त्यावर औषध नाहीं. लसूण, हळद, ताक, जें जें कोणी सुचविलें तें तें आम्हीं केलें. समाधान आमचें झालें, कोंबड्यांचें कांहीं झालें नाहीं.

उरलेल्या पांच अजून बऱ्या दिसत होत्या. त्या दिवशीं एक फेरीवाला व्यापारी दाराशीं आला. "आज देतां तर पैसे मिळतील, उद्यां पुरावें लागेल," तो म्हणाला. त्याचें म्हणणें व्यवहाराचें होतें. खर्च झाला होता, मुलीचें अंडेंहि बंद पडलें होतें. घरांतील दोघां-तिघांचें मन डळमळलें. मी खोटें कशाला सांगूं, माझेंहि डळमळलें. तेव्हां माजघरांतून सासूबाई बाहेर आल्या. अंड्याला त्यांनीं जन्मांत हात लावलेला नाहीं. त्या शांतपणें म्हणाल्या, "आपल्या दारचें दुखणें पैसे घेऊन दुसऱ्याच्या दारीं धाडायचें? मग माझी चूल वेगळी ठेवून मी कसलें सोंवळें पाळलें?" व्यापारी निघून गेला. आमच्याकडे आलेल्या त्या दोन कोंबड्याहि कोणीतरी असाच विचार करून बाजारांत धाडल्या असतील, हें तेव्हां प्रथम माझ्या ध्यानांत आलें.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्दी दिली. खरें पाहतां हें पहिल्या मृत्यूच्या वेळींच व्हावयास हवें होतें. २००९ च्या कायद्याप्रमाणें जनावरांतील अनुसूचित सांसर्गिक रोगाचा संशय येतांच गांवच्या अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविणें हें मालकाचें कर्तव्यच आहे. आणि त्याला सबळ कारण आहे. अचानक पुष्कळ कोंबड्या मरूं लागल्या, तर तो राणीखेत कीं बर्ड फ्लू, हें नुसत्या डोळ्यांनीं ठरत नाहीं. २००६ च्या फेब्रुवारींत नवापूरला भारतांतील कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि लाखों पक्षी मारावे लागले. २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंब्यास तोच प्रसंग आला. आपण तर भिगवणच्या शेजारचे! हिवाळ्यांत उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे आणि बदकांचे थवे उतरतात, तें पाहावयास लोक दुरून येतात. या पाहुण्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु जंगली पाणपक्ष्यांच्या अंगीं हा विषाणु त्यांना न कळतां राहूं शकतो, म्हणून आपल्या कोंबड्या तळ्याकांठीं मोकाट सोडूं नयेत, आणि त्यांचें पाणी व दाणा उघड्यावर ठेवूं नये. आमच्याकडे तपासणींत राणीखेतच निघाला.

डॉक्टरांनीं लसीविषयीं विचारलें तेव्हां आमच्या माना खालीं गेल्या. राणीखेतची लस पुण्याजवळ औंधच्या सरकारी संस्थेंत तयार होते. पिलांस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत थेंब, सुमारें महिन्यानें पुन्हां थेंब, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोंचणी, असा साधारण क्रम आहे. लस विशेष महागहि नाहीं. मग घरगुती कोंबड्यांना ती कां मिळत नाहीं? कारण कुपी बहुधा शंभर मात्रांची येते, ती बर्फांत ठेवून आणावी लागते, आणि एकदां कालविली कीं दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठीं एवढा खटाटोप कोण करणार?

याचें उत्तर सासूबाईंनींच काढलें. "हळदीकुंकवाला आळींतल्या साऱ्या बायका एका दिवशीं जमतात, मग याला कां जमूं नयेत?" शेतावरील वस्तीवर आणि आसपास ज्यांच्या ज्यांच्या घरीं कोंबड्या होत्या, त्या सर्वांस पुतण्यानें निरोप धाडले. एका सकाळीं उन्हें चढण्यापूर्वीं अकरा घरांच्या कोंबड्या डालग्यांतून आल्या आणि एक कुपी जवळजवळ पुरी संपली. ज्यांच्या घरीं आम्ही कधीं पाण्याचा पेलाहि घेतला नव्हता, त्यांच्या ओसरीवर बसून त्या दिवशीं चहा झाला. तेव्हांपासून ही लसीची सकाळ ठरून गेली आहे.

ज्या भगिनींच्या परसांत कोंबड्या असतील, त्यांनीं एवढें अवश्य करावें. नवी कोंबडी आणल्यास तिला तीन आठवडे निराळ्या डालग्याखालीं ठेवावी, आणि आधीं जुन्यांना मग तिला दाणा घालावा. लस निरोगी पक्ष्यासच द्यावी. आजारी झाल्यावर ती उपयोगाची नाहीं. मेलेली कोंबडी कालव्यांत किंवा उकिरड्यावर टाकूं नये, घरीं चिरून पाहूं नये. दवाखान्याचा सल्ला घेऊन खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी. खुराड्यांतून आल्यावर हात साबणानें धुवावेत, कारण राणीखेतनें माणसाचेहि डोळे कधीं कधीं येतात. अंडें मुलांस द्यावयाचें तें पुरतें उकडून द्यावें. आणि रोज सकाळीं दार उघडतांना दोन मिनिटें नुसतें उभें राहून पाहावें. कोण उशीरा उठली, कोणाचा तुरा फिका पडला, कोणी दाण्याकडे पाठ फिरविली, हें ज्याला दिसतें त्याला दुखणें आठ दिवस आधीं कळतें.

मुलगी आतां धष्टपुष्ट झाली आहे. अंडीं गोळा करण्याचें काम तिचेंच. सासूबाई अजूनहि विहिरीच्या अलीकडेच उभ्या राहतात. पण संध्याकाळीं खुराड्याचें दार लागलें कीं नाहीं, हें तेथूनच विचारल्याखेरीज त्या देवापाशीं दिवा लावीत नाहींत.