सुबाभूळ आणि आमची वृक्षभक्ति

वृक्ष लावणें हें पुण्य व वृक्ष तोडणें हें पाप, हा समज आमच्या सुशिक्षित समाजांत आतां इतका दृढ झाला आहे कीं, कोणता वृक्ष, कोणत्या जागीं आणि कोणाच्या मुळावर, असे प्रश्न विचारणारा मनुष्यच अरसिक ठरतो. १९५० मध्यें कन्हैयालाल मुन्शी यांनीं वनमहोत्सव सुरू केला, तेव्हांपासून रोप लावणाऱ्या हातांचें कौतुक पुष्कळ झालें. कुऱ्हाड धरणाऱ्या हाताचें कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आम्ही आज त्या कुऱ्हाडीचीच वकिली करणार आहों.

मुळशी, मावळ, भोर ह्या बाजूंस ज्यांचें वडिलोपार्जित किंवा विकत घेतलेलें दोनचार एकरांचें रान आहे, व जीं स्वतः पुण्यामुंबईस राहून सणासुदीस तेथें जातात, अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत थोडीं नसतील. रान हिरवेंगार दिसलें म्हणजे त्यांस समाधान वाटतें. पण तें हिरवें काय आहे, हें जवळ जाऊन पाहावें. पिसासारखीं बारीक पानें, पांढऱ्या गोंड्यांसारखीं फुलें आणि चपट्या तपकिरी शेंगांचे घोसच्या घोस दिसले, तर ती सुबाभूळ होय. आणि तिच्याखालीं तिच्याच रोपांची दाटी असेल, तर ऐन, हिरडा, जांभूळ, कुडा यांचा तेथें निर्वंश चालला आहे असें खुशाल समजावें.

हा वृक्ष मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिका इकडचा. १९७२ च्या दुष्काळानें होरपळलेल्या महाराष्ट्रास चारा हवा होता, सरपण हवें होतें. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्यासारख्या कळकळीच्या कार्यकर्त्यांनीं सुबाभळीचा पुरस्कार केला, तो ह्या गरजेपोटीं. त्यांच्या हेतूस नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होईल. हिचा पाला गुरांस पौष्टिक, मुळें जमिनीस नत्र देणारीं, लांकूड लवकर हातीं येणारें. तोडली तरी पुन्हां फुटणारी. परंतु बांधावर रोज विळ्याखालीं असलेली सुबाभूळ निराळी, आणि धन्याची पाठ फिरलेल्या रानांत मोकळी सुटलेली सुबाभूळ निराळी. पहिलीस शेंग धरण्याची सवडच मिळत नाहीं. दुसरीस फळण्यासाठीं शेजारच्या झाडाचीही गरज लागत नाहीं, आणि तिच्या टणक सालीच्या बिया मातींत वर्षानुवर्षें जीव धरून राहतात. जो गुण विळ्याखालीं वरदान होता, तोच बेवारशी रानांत शाप झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगांतील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक जीवांच्या यादींत सुबाभळीचें नांव आहे, तें उगाच नव्हे.

यावर आमचे कांहीं मित्र म्हणतील, “हा परकेपणाचा द्वेष झाला.” तसें असतें तर आम्हांस मिरची, पेरू, सीताफळ व काजू हीं सर्व सोडावीं लागलीं असतीं, तींही अमेरिकेचींच लेंकरें. आमचें भांडण पाहुणा कोठून आला याबद्दल नाहीं. घरच्या मुलांस पानावरून उठविणाऱ्या पाहुण्याशीं आहे. दुसरे म्हणतील, “तोडण्यापेक्षां निसर्गावर सोंपवावें.” हें वरवर उदात्त दिसणारें मत आम्हांस आळसाचें सोंवळें वाटतें. निसर्गाचा तोल माणसानें बिघडवावा आणि निस्तरावयाची वेळ आली म्हणजे निसर्गाकडे बोट दाखवावें, हा कोठला न्याय?

याच्या उलट टोंकाचे लोक एक ठेकेदार बोलावून आठवड्यांत रान साफ करून घेतात. हे आमचे सहायक नव्हेत. एकाएकीं ऊन पोंचलें कीं, मातींत दबलेल्या बिया हजारोंनीं उगवतात, खुंटांस धुमारे फुटतात, आणि दोनतीन वर्षांत पहिल्याहून दाट झाडी माजते. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें जोन व आयलीन ब्रॅडली ह्या दोघी बहिणींनीं १९६० नंतरच्या दशकांत घराजवळच्या रानांतील उपद्रवी तण हातानें काढतां काढतां जी रीत बसविली, ती येथेंही घेण्याजोगी आहे. जेथें मूळचीं झाडें चांगलीं आहेत तेथून आरंभ करून बिघडलेल्या भागाकडे जावें. माती होईल तितकी कमी उकरावी. आणि मूळचीं झाडें जितक्या वेगानें जागा भरतील, त्याहून अधिक घाई करूं नये.

आमच्याकडे याचा अर्थ उघड आहे. श्रावणांत माती ओली असतां लहान रोपें मुळासकट उपटावीं. शेंगा वाळून तडकण्यापूर्वींच मोठीं झाडें थोडथोडीं घ्यावीं. खुंटाच्या ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावें, किंवा तें नको असल्यास फुटतील तितक्या वेळां धुमारे खुडावे. वनखात्याकडे परवानगीची चौकशी आधीं करावी हें सांगणें नकोच. मग पुढील पावसाळ्यांत पुन्हां जावें, आणि त्यापुढीलही. हें काम एका मोहिमेचें नव्हे, घरांतल्या केरवाऱ्यासारखें नित्याचें आहे. आणि म्हणूनच तें ठेकेदाराचें नसून कुटुंबाचें आहे.

तेव्हां प्रश्न झाड तोडण्याच्या पापाचा नाहींच. सातबाऱ्यावर नांव ठेवावयाचें आणि रानाकडे पाठ फिरवावयाची, हें पाप आहे. ज्या रानांत ऐन-हिरड्यांचीं जुनीं झाडें अजून उभीं आहेत, तेथें त्यांचें बीं पडत आहे. त्यास उजेड व जागा मिळाली कीं नवें रोप आमच्या उपदेशावांचून उगवेल. तीं जुनीं झाडें वठल्यावर मात्र शंभर वनमहोत्सव केले तरी तें रान परत यावयाचें नाहीं. पुढच्या पर्यटनास निघतांना वाचकांनीं डब्याबरोबर कोयताही घ्यावा, इतकीच आमची विनंति आहे.