९९२ युरोंचा महिना

जर्मनीत सरकारी विद्यापीठातलं शिक्षण फुकट, हे आता घरोघरी ऐकू येतं. बाडेन-व्युर्टेमबर्गसारख्या राज्यात भारतीयांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, पण तो अपवाद सोडून देऊ. आमचा मुद्दा फीचा नाहीच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि ते महिन्याला ९९२ याप्रमाणेच हाती येतात. अनेक पालक हाच आकडा खर्चाचा अंदाज मानतात. मुळात तो तिथल्या सरकारी विद्यार्थी-साहाय्याच्या कमाल दराएवढा आहे, आणि त्या दरात घरभाड्यासाठी धरलेत अवघे ३८० युरो. म्युनिकमध्ये तेवढ्यात खोली मिळाली तर लॉटरीच म्हणायची! त्यात डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असू शकतं. कायद्यात हप्त्यांची सोय आहे, तरी पहिला हप्ता घरात शिरतानाच द्यावा लागतो, आणि तेव्हा आपलेच पैसे खात्यात अडकलेले असतात.

‘मुलगी काम करेल की,’ असं यावर कुणी म्हणेल. जरूर करावं, वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मुभा आहे. पण जर्मन न येणाऱ्यांसाठी कामं मोजकी, आणि पहिला पगार येईपर्यंत भाडं थांबत नाही. म्हणून या अंकात शिष्यवृत्त्यांच्या याद्या टाळून आम्ही पहिल्या सहा महिन्यांतल्या रोख पैशाचा, विम्याचा आणि रुपयांतल्या कर्जाचा विचार केला आहे. तिथे शिकणाऱ्या वाचकांनी शहराच्या नावासह आपला महिन्याचा हिशेब कळवावा. आमच्याशी न जुळणारे हिशेब आधी छापू.