वीरप्पनची लेक

मराठी पेपरात वीरप्पनच्या नावाआधी ‘चंदनतस्कर’ यायचं आणि कन्नड पेपरात ‘नरहंतक’. ज्या घरात दोन्ही पेपर येत, तिथल्या पोरांना ही त्या माणसाची आडनावंच वाटली असतील. भरघोस मिशा, खांद्याला बंदूक, सत्यमंगलमचं जंगल आणि आपल्या अण्णावरांचं, डॉ. राजकुमार यांचं अपहरण. ३० जुलै २००० च्या रात्री त्यांना गाजनूरच्या घरातून नेलं आणि १०८ दिवसांनी, १५ नोव्हेंबरला ते सुटले. एवढा वीरप्पन आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्या माणसाला बायको होती, दोन मुली होत्या, त्या शाळेत जात होत्या, हे कितीजणांच्या मनात येतं?

थोरलीचं नाव विद्याराणी. वडिलांना ती आयुष्यात एकदाच भेटली. तेव्हा ती तिसरीत होती आणि सुट्टीसाठी आजोबांच्या घरी, गोपीनाथमला आली होती. दोन राज्यांचे पोलीस ज्याच्या मागावर होते, तो माणूस तिथे आला आणि अर्धा तास लेकीजवळ बसला. ही हकीकत तिनेच मोठेपणी मुलाखतींतून सांगितली आहे. वडील म्हणाले, चांगलं शीक, डॉक्टर हो, लोकांची सेवा कर. म्हणजे शहापूर-वडगावातला एखादा बाप दहावीच्या निकालादिवशी जे सांगेल, तेच! ज्याच्या नावावर शंभराहून अधिक खून लागले, त्याच्याकडेही लेकीला सांगायला दुसरं काही नव्हतं. ती डॉक्टर झाली नाही, वकिलीचं शिकली.

हे गोपीनाथम आपण सीमेवरच्या लोकांनी जरा लक्ष देऊन बघण्यासारखं आहे. गाव कर्नाटकात, चामराजनगर जिल्ह्यात, पण घरात बोलायची भाषा तमिळ. हा सगळा कोळ्ळेगाल भाग पूर्वी मद्रास राज्याच्या कोइमतूर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात आला, म्हणजे बेळगाव आलं त्याच दिवशी. सरकारी कागद एका भाषेत आणि आईची हाक दुसऱ्या भाषेत, हे तिथल्या माणसांना काय असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. खुद्द अण्णावरांचं गाजनूरही तमिळनाडूच्या हद्दीतलं. वीरप्पनच्या धंद्याला ही हद्द फार सोयीची होती. इकडचे पोलीस आले की तिकडे आणि तिकडचे आले की इकडे. घरच्यांना मात्र ती दोन्हीकडून जाचली.

बायको मुत्तुलक्ष्मी धर्मपुरीकडची. लग्न झालं तेव्हा ती अजून पोरच होती. काही वर्षं तिने नवऱ्याबरोबर जंगलात काढली आणि पुढे ती पोलिसांच्या ताब्यात सापडली. कोठडीत आपला छळ झाला, असं ती आजवर सांगत आली आहे. तसं सांगणारी ती एकटी नाही. मलेमहादेश्वर बेट्टावर विशेष पथकाची जी छावणी होती, तिथल्या चौकशीच्या जागेला ‘वर्कशॉप’ म्हणत. गावागावांतल्या बायका-पुरुषांनी पुढे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नेमलेल्या न्या. सदाशिव समितीपुढे तिथल्या हकिकती सांगितल्या. २००७ मध्ये आयोगाने ८९ जणांना भरपाईही द्यायला लावली.

१८ ऑक्टोबर २००४ ला वीरप्पन मारला गेला आणि मेट्टूरजवळ मूलकाडूला पुरला गेला. बातमी तिथे संपली, पण मुत्तुलक्ष्मीचे हेलपाटे संपले नाहीत. २००६ मध्ये ती पेन्नागरममधून अपक्ष उभी राहिली आणि पडली. २००८ मध्ये कर्नाटक पोलिसांनी जुन्या प्रकरणांत तिला पुन्हा धरलं. म्हैसूरच्या तुरुंगात काही काळ काढल्यावर न्यायालयांनी तिला निर्दोष सोडलं. नवऱ्यावरचा ‘अट्टहास’ हा कन्नड चित्रपट २०१३ मध्ये आला, त्याआधी ती कोर्टात गेली होती. आमचं घरचं आयुष्य आम्हाला न विचारता पडद्यावर का, असं तिचं म्हणणं. २०२३ च्या नेटफ्लिक्सवरच्या मालिकेत मात्र ती स्वतःच बोलली आहे. नवऱ्याविषयी बोलताना तिच्या आवाजात अजून माया येते.

ती माया बघताना मला अवघडल्यासारखं होतं, हे लपवत नाही. कारण दुसऱ्या बाजूलाही घरं आहेत. पी. श्रीनिवास या वनाधिकाऱ्याने त्याच गोपीनाथममध्ये लोकांना जवळ करून मारियम्मनचं देऊळ उभं केलं. नोव्हेंबर १९९१ मध्ये शरण येतो असं सांगून वीरप्पनने त्यांना बोलावून घेतलं आणि मारलं. माजी मंत्री एच. नागप्पांना २००२ मध्ये पळवून नेलं आणि घरच्यांना शेवटी त्यांचा मृतदेह मिळाला. त्यांच्या पत्नी परिमला २००४ मध्ये हनूरच्या आमदार झाल्या. ९ एप्रिल १९९३ च्या पालार स्फोटात २२ माणसं एका क्षणात गेली. त्या घरांतल्या मुलींना बापाशी बोलायला पुन्हा अर्धा तासही मिळाला नाही. हे सोडून मुत्तुलक्ष्मीची कथा सांगता येत नाही, निदान मला तरी.

पालारचा धागा थेट आपल्या दारात येतो. त्या खटल्यातले चौघे, सायमन, ज्ञानप्रकाश, मीसेकार मादय्या आणि बिलवेंद्रन, आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात होते. २००१ मध्ये त्यांना जन्मठेप झाली होती. त्यांनी अपील केलं, तर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून फाशी दिली. दयेचा अर्ज नऊ वर्षं पडून राहिला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये फेटाळला गेला. त्या आठवड्यात हिंडलग्याच्या फाटकाकडे सगळ्या देशाचे डोळे लागले होते. पुढे स्थगिती आली आणि २१ जानेवारी २०१४ ला, फार विलंब झाला म्हणून, फाशीची जन्मठेप झाली. हनूरच्या डोंगरातून तुरुंगातल्या माणसाला भेटायला बेळगावला यायचं म्हणजे सहाशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. एस.टी.ची किती तिकिटं, किती गाड्या बदलायच्या, आणि भेट मिळणार काही मिनिटांची. चंदनाच्या पैशातलं या घरांच्या हाती काय लागलं, कोण जाणे!

आणि मग याच कुटुंबात एक अगदी ओळखीचं भांडण झालं. विद्याराणीने दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी प्रेमविवाह केला आणि आईला तो पसंत नव्हता. जंगलात बंदुकांच्या सावलीत संसार केलेली बाई लेकीच्या लग्नावरून अडून बसली! २०११ मध्ये प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. मुलीने नवऱ्याबरोबर राहायचं सांगितलं आणि न्यायालयाने तिला त्याच्याकडे जाऊ दिलं. त्या निकालात वीरप्पनचा काही संबंध नव्हता. सज्ञान मुलीची इच्छा, एवढाच प्रश्न होता.

आपल्याकडे मुलीच्या नावामागे बापाचं नाव पुरतं लिहावं लागतं, त्यात लपायला जागा नाही. तमिळ रीत त्या मानाने दयाळू. वडिलांचं नुसतं आद्याक्षर लावलं की झालं. ‘व्ही. विद्याराणी’ म्हणून तिला गर्दीत मिसळता आलं असतं. २०२० मध्ये ती भाजपमध्ये गेली, नंतर नाम तमिळर कच्चीत, आणि २०२४ मध्ये कृष्णगिरीतून लोकसभेला उभी राहिली ती ‘विद्याराणी वीरप्पन’ म्हणून. लाखाहून अधिक मतं पडली आणि ती चौथी आली. ही मतं तिची किती आणि त्या नावाची किती, हे तिलाही सांगता येणार नाही.

मला कुतूहल आहे ते वेगळ्याच लोकांचं. राजकारणात येण्याच्या सुमारास ती कृष्णगिरीत लहान मुलांची शाळा चालवत होती. बाई कोणाची मुलगी हे ठाऊक असूनही ज्या आयांनी आपलं तीन-चार वर्षांचं पोर सकाळी तिच्या हाती सोपवलं, त्यांच्याशी एकदा बोलायला हवं.