चालत घरी गेलेल्यांचं काय?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक माहीमला झाला. त्या दिवशी डोक्याला जबर मार लागलेला एक तरुण प्रवासी पुढची जवळपास नऊ वर्षं माहीमच्याच हिंदुजा रुग्णालयात अंथरुणाला खिळून होता. जुलै २०१५ मध्ये तो गेला. त्याच वर्षी १८ मे रोजी परळच्या केईएममध्ये तिथल्याच एकेकाळच्या परिचारिका अरुणा शानबाग गेल्या. १९७३ च्या हल्ल्यात गळा आवळला गेल्यामुळे त्यांच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता, आणि तेव्हापासून तिथल्या परिचारिकांनी पिढ्यानपिढ्या त्यांना सांभाळलं. या दोन्ही खाटांशी झालेली शुश्रूषा आपल्या क्षेत्रात कायम आदराने सांगितली जाईल.

पण या महिन्यात लिहायचं आहे ते वेगळ्या रुग्णांविषयी. शुद्धीवर आलेल्या, टाके काढून झालेल्या, स्वतःच्या पायांनी वॉर्डाबाहेर पडलेल्या. दुचाकीवरून पडलेला, परांचीवरून घसरलेला, लोकलच्या दारातून फेकला गेलेला, दहीहंडीचा थर कोसळून डोक्यावर आपटलेला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, केईएममध्ये अशी माणसं रोज येतात. गुठळी काढली जाते, जीव वाचतो, खाट दुसऱ्यासाठी रिकामी करावी लागते. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं जातं, ‘प्रकृती स्थिर, हातापायांत जोर आहे, ओपीडीत दाखवावे.’ यातला शब्दन् शब्द खरा असतो. तरीही घरच्यांना ज्याच्याशी पुढची वर्षं झुंजायचं आहे, त्याचा त्यात उल्लेखही नसतो.

फटका डोक्याच्या कोणत्याही बाजूला बसो, मेंदूचा पुढचा भाग आणि कानशिलांमागची टोकं कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडावर घासली जातात, हे आपण सगळे शिकलो आहोत. म्हणून हात-पाय शाबूत राहूनही राग आवरण्याची, कामाला आपणहून हात घालण्याची, एका वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याची ताकद जाते. पाठ्यपुस्तकातलं हे ज्ञान घरापर्यंत पोहोचतं का? बायको म्हणते, ‘सांगितल्याशिवाय आंघोळीलाही उठत नाहीत, आळशी झालेत.’ आई म्हणते, ‘पोरगा उलट बोलायला लागलाय.’ शेजारी म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. घरातलं कुणीही खोटं बोलत नाही. फक्त हा मेंदूच्या जखमेचाच भाग आहे, हे त्यांना कुणी बसवून सांगितलेलं नसतं. ते सांगायचं काम आपलं होतं.

वास जाणं हे त्याचंच एक उदाहरण. नाकाच्या वरच्या हाडातून जाणारे बारीक मज्जातंतू फटक्याने तुटतात आणि गंध जातो. बहुतेक केस पेपरवर याची नोंदच सापडत नाही, कारण तसं कुणी विचारत नाही. माहीम कोळीवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बाईसाठी मात्र हा धंद्याचा प्रश्न आहे. एका खोलीत स्वयंपाक होणाऱ्या घरात गॅस गळत असेल, तर जिवाचा. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

आपली मोजमापं जीव वाचवण्याच्या टप्प्यावर घडलेली आहेत. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी दिलेली कोमा मोजपट्टी ३ पासून १५ पर्यंत जाते, आणि १५ गुण मिळालेला माणूस कागदावर पूर्ण असतो. त्याला काल भेटायला कोण आलं होतं, हे आज आठवतं का? आठवणींची साखळी सलग जुळायला किती दिवस लागले? हा काळ जितका लांबतो, तितकी इजा गंभीर आणि कामावर परतणं अवघड, हे वर्षानुवर्षं माहीत असूनही आपल्या वॉर्डांत तो नियमितपणे नोंदला जात नाही. नर्सिंगच्या रोजच्या नोंदींत दोन ओळींची भर घातली तर हे होईल. सर्वात झपाट्याने होणारी सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, आणि नेमके तेच सहा महिने रुग्ण घरी, आपल्या नजरेआड असतो.

१९५० साली केईएममध्ये कमला निंबकर यांनी देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा सुरू केली. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकरांच्या घरातल्या. माणसाला बरं करायचं तर त्याच्या कामातून करा, या विचारावर ही विद्या उभी आहे. मग आपण अजून मेजावरच्या खुंट्या आणि रंगीत ठोकळ्यांपाशी का अडकतो? माहीमच्या रुग्णाला गोपी टँक मंडईत पाठवा. तीन जिन्नस आणायचे, यादी खिशात, शंभराची नोट, उरलेले पैसे मोजून परत. पहिल्यांदा सोबत जा, मग दहा पावलं मागे राहा, मग घरी थांबा. स्मरण, हिशेब, गर्दी, रस्ता ओलांडणं, भाव करताना न चिडणं, सगळं त्या एका फेरीत आहे. बुधवारी मात्र नको, कारण त्या दिवशी नोव्हेनासाठी सेंट मायकल चर्चबाहेर लोटणारी गर्दी आणि गोंगाट अशा मेंदूला पेलत नाही. रुग्णाचा मोहल्ला ओळखल्याशिवाय असे बारकावे कळणार नाहीत. घरी निदान एकदा तरी जायला हवं, असा आमचा आग्रह त्यासाठीच आहे. बोलणं अडलेल्यांसाठी अली यावर जंग संस्था खाडीपलीकडे वांद्र्यात आहे, हातापायांचं पुनर्वसन करणारी केंद्र सरकारची संस्था हाजीअलीला आहे. अंतर थोडं आहे. चिठ्ठी लिहून देणारा हात कमी पडतो.

कामावर परतण्याविषयी बोलताना नरी कॉन्ट्रॅक्टर यांची आठवण काढावी लागते. मार्च १९६२, बार्बाडोस. भारताचा २८ वर्षांचा कर्णधार, चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसला, कवटी फुटली. वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त द्यायला पुढे झाला, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिलं. कवटीत बसवलेली धातूची पट्टी तब्बल ६० वर्षांनी, २०२२ साली मुंबईत काढली गेली. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा मैदानात उतरले, प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. पण कसोटी सामना त्यांना पुन्हा कधीच मिळाला नाही. इतकं उत्तम बरं होऊनही जुनी जागा परत मिळेलच असं नाही, हे रुग्णाला आधी सांगणं हा निर्दयपणा नाही. ‘सहा महिन्यांत पहिल्यासारखा होशील’ हे वचन जास्त घातक आहे. त्या सहा महिन्यांनंतर माणूस स्वतःलाच दोषी धरू लागतो, आणि थेरपीला यायचं सोडतो.

आता कायद्याकडे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. डोक्याच्या इजेमुळे आलेलं अपंगत्व त्यांत स्वतंत्रपणे नाही. हात लुळा पडला तर चलनवलनाचं, वाचा गेली तर वाक् आणि भाषेचं प्रमाणपत्र मिळू शकतं. स्मरण आणि वर्तन बिघडलेल्याला मात्र मानसिक आजाराच्या रकान्यात शिरावं लागतं, आणि लग्नाच्या वयाच्या मुलाचे आईवडील तो कागद घ्यायला धजत नाहीत. मेंदूच्या इजेला स्वतंत्र स्थान मिळायला हवं, ही मागणी आपल्या संघटनांनी एकत्र येऊन करायला हवी. आजवर ती पुरेशा जोराने झालेली नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तोवर हातात जे आहे ते तरी वापरूया. याच कायद्याच्या कलम २० (४) नुसार सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्याला काढून टाकता येत नाही की खालच्या हुद्द्यावर ढकलता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. तशी जागा नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवण्याची तरतूद आहे. पालिकेचा सफाई कामगार, बेस्टचा चालक, रेल्वेचा गँगमन, सगळे यात येतात. अनेक जण हे माहीत नसल्यामुळे, घरी बसल्या बसल्या, चिडून किंवा कुणाच्या सांगण्यावरून राजीनाम्यावर सही करतात. आपल्या विभागातून घरी जाणाऱ्या प्रत्येक अशा रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डाला या कलमाचा मराठी मजकूर टाचून द्या, आणि पहिलं वर्ष उलटेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका, हे त्याच्या घरच्यांना तोंडी सांगा.