थंड हवेचा परवाना

दुकानाच्या भिंतीवर मालकाने बसविलेले यंत्र ही त्याची खासगी बाब आहे काय, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांत बँका, उपाहारगृहे आणि कपड्यांची दालने यांच्या मागील भिंती वातानुकूलन यंत्रांच्या पेट्यांनी भरून गेल्या आहेत, आणि या पेट्यांची तोंडे ज्या गल्लीकडे असतात तेथे राहणाऱ्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही.

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तीत मिसळते. १० टन क्षमतेचे यंत्र पूर्ण भाराने चालते तेव्हा दालनातून सुमारे ३५ किलोवॅट उष्णता उपसते व त्यासाठी १० किलोवॅटच्या आसपास वीज वापरते. म्हणजे एक किलोवॅटच्या ४५ विजेच्या शेगड्या कोणी मे महिन्याच्या दुपारी चाळीच्या खिडकीखाली पेटवून ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. शेगड्या पेटविल्या असत्या तर पोलीस आले असते. पेट्यांच्या बाबतीत मात्र साधी विचारणाही होत नाही.

इंग्लंडमध्ये ती होते. व्यापारी इमारतीच्या बाहेरील बाजूस अशी पेटी बसवून इमारतीच्या दर्शनी रूपात लक्षणीय फरक पडणार असेल, तर स्थानिक नियोजन प्राधिकरणाची परवानगी सामान्यतः घ्यावी लागते. अर्ज जाहीर होतो, शेजाऱ्यांना हरकत घेता येते, आणि सर्वांत जवळच्या घरापाशी यंत्राचा आवाज एरवीच्या आवाजाच्या तुलनेत किती वाढेल याचे मोजमाप बहुधा मागितले जाते. लंडनच्या २०२१ च्या विकास आराखड्याने मोठ्या बांधकामांसाठी क्रमच लावून दिला आहे : आधी सावली, मग नैसर्गिक वायुवीजन, नंतर यांत्रिक वायुवीजन आणि सर्वांत शेवटी यंत्राने गारवा. या व्यवस्थेचे मूळ अ‍ॅटली यांच्या मजूर सरकारने केलेल्या १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात आहे. जमीन मालकाची राहील, पण तिचा विकास करण्याचा हक्क समाजाचा, हे तत्त्व त्या कायद्याने प्रस्थापित केले. वाढीव किमतीवरील आकार पुढे हुजूर पक्षाने काढून टाकला, परंतु परवानगीचे तत्त्व त्यालाही मोडता आले नाही.

महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा याच वळणाचा आहे. इमारतीच्या बाह्य रूपात लक्षणीय फरक न पाडणाऱ्या दुरुस्तीला तो परवानगीतून सूट देतो. आता एकाच भिंतीवर वीस पेट्या, त्यांचे लोखंडी सांगाडे, नळ्या आणि अखंड ठिबकणारे पाणी यांनी बाह्य रूपात फरक पडत नाही, असे कोणता अभियंता सांगेल? कायदा अपुरा आहे असे नव्हे. तो भिंतीच्या मागच्या बाजूस कधी नेलाच गेला नाही. शिवाय एकेका बांधकाम-अर्जाच्या वेळी शेजाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची पद्धत येथे रुजलेलीच नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी विभागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, व्यापारी विभागात ५५ ची. पण बाजारपेठेतील दुकानांच्या माडीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे व्यापारी विभागात मोडतात, आणि त्यांच्या झोपेला दहा डेसिबल कमी मोल मिळते.

यावर ‘परवाना-राज’ अशी ओरड होईल. आणखी एक शिक्का म्हणजे आणखी एक चिरीमिरी, ही शंका खोटी म्हणता येत नाही; म्हणूनच निर्णय टेबलामागे न होता जाहीर नोटिशीने व्हावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उन्हाळे कडक होत असताना श्रमिकांच्या पक्षाने गारव्याला विरोध करावा काय? विरोध गारव्याला नाही. रुग्णालयाला तो हवा, औषधांच्या कोठारालाही हवा. पण या यंत्राची जन्मकथा विसरता येत नाही. १९०२ साली विलिस कॅरियर याने ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखले, ते कागद दमट हवेने आकसू-फुगू नये म्हणून. मुंबईच्या गिरण्यांतही विणखात्यात हवेत ओलावा सोडला जाई तो सूत तुटू नये यासाठी. साचेवाला घामाने भिजला तरी त्याची गणना नव्हती. आजच्या दालनातही गारवा गिऱ्हाइकासाठी असतो. त्याच इमारतीच्या मुदपाकखान्यात भांडी घासणारा आणि गोदामात गठ्ठे रचणारा त्या हद्दीबाहेर असतो. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये तापमान ४०.३ अंशांवर गेले, तरीही कामाच्या जागी तापमानाची कायदेशीर कमाल मर्यादा तेथे ठरली नाही. ती ३० अंश आणि कष्टाच्या कामासाठी २७ अंश असावी, ही तेथील कामगार संघटनांच्या महासंघाची मागणी आहे.

तेव्हा महापालिकांकडे मागणी करावयाची ती नेमकी असावी. व्यापारी वातानुकूलनाच्या प्रत्येक अर्जासोबत पेट्यांची जागा दाखविणारा नकाशा, बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा आकडा आणि जवळच्या खिडकीपासूनचे अंतर द्यावे. पेट्या शक्यतो गच्चीवर न्याव्यात. मागील गल्लीतील रहिवाशांना लेखी हरकतीसाठी मुदत मिळावी. आणि त्या आस्थापनेतील सर्व कामगारांच्या कामाच्या जागा त्याच नकाशात दाखविल्याखेरीज अर्ज दाखल करून घेऊ नये. वॉर्डावॉर्डातील कार्यकर्त्यांनी यासाठी थांबण्याचे कारण नाही. कोणत्या गल्लीत किती पेट्या आहेत आणि रात्री दहानंतर त्यांपैकी किती चालू असतात, याची मोजणी पुढल्या उन्हाळ्यापूर्वी करता येईल.