मागणी आणि गरज

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुंबईत घरोघर अभ्यंगस्नाने चाललेली असतात, तेव्हा कुणाच्या मनात भातसा नदी येत नसेल. येण्याचे कारणही नाही. नळ फिरवला की पाणी येते आणि जे नळाला येते ते नळाचेच, अशी आपली शहरी समजूत! पण ते शंभरएक किलोमीटरांवरून आलेले असते. ते आज यावे म्हणून कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कागदावर आकडे मांडलेले असतात. हे आपल्या ध्यानात येते ते फक्त पाणीकपातीच्या दिवसांत.

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपली भाषा हसत आली आहे. मुंबईला मात्र अगदीच हसता येणार नाही. १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी, १८९२ साली तानसा. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली मोडकसागर झाला, आणि त्याला पालिकेच्या एका अभियंत्याचे नाव मिळाले. मंत्र्यांच्या नावांची सवय असलेल्या आपल्याला ही गोष्ट सुखावणारी आहे. १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा आले, पुढच्या दशकात भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. विहार-तुळशी आज शहराच्या पोटात आहेत. बाकीचे तलाव पार सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत आणि त्याच्याही वर गेले आहेत. शहर वाढते, तलाव लांब जातात. या सात तलावांतून रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी मुंबईत येते, आणि तरी ते पुरत नाही.

पुढचे पाहणारी माणसेही झाली. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९४ साली २०२१ पर्यंतचा हिशेब मांडला आणि मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ अशी वाट आखून दिली. त्यांतले मध्य वैतरणा बांधून झाले. २०२१ साल उलटले तेव्हा उरलेली दोन धरणे कागदावरच होती. आता समुद्राचे पाणी गोडे करण्याची योजना मनोरीला घाटते आहे.

या साऱ्या कागदांत एक शब्द पुनःपुन्हा भेटतो: ‘मागणी’. पाण्याची मागणी इतकी, पुरवठा इतका, तूट इतकी. मी पडलो मराठीचा मास्तर. मला आकड्यांपेक्षा शब्द आधी टोचतो. मागणी बाजारात असते, मागणी मुलीला घालतात. मागणी करायला तोंड लागते, पत लागते, निदान मागणाऱ्याचे नाव तरी कुठे नोंदलेले असावे लागते. गरजेला यांतले काहीच लागत नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. योजनेच्या कागदावर त्याला जागाही नसते.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. १९९५ नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळ द्यायचा नाही, असे शासनाचे धोरण होते. ही तारीख पुढे सरकत गेली, पण रेघ राहिली. म्हणजे त्या रेघेपलीकडच्या माणसाला तहान लागे, पण त्याची ‘मागणी’ नसे. तो टँकरवाल्याकडून, शेजारच्या वस्तीतून, हंड्याला पैसे मोजून पाणी घेई, आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी महाग! पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावे लागले. पालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण २०२२ साली आले. ज्यांची नोंद झाली होती, त्यांच्याही बाबतीत माप सारखे नव्हते. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडीतल्याला ४५, असा हिशेब वर्षानुवर्षे चालला. झोपडीतल्या माणसाला उन्हाळा कमी होतो, असे कुणी सिद्ध केल्याचे ऐकिवात नाही.

आता नळाच्या दुसऱ्या टोकाला चला. तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. पावसाळ्यात तिथे आभाळ फाटते, आणि मार्च-एप्रिल आला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत बाया हंडे घेऊन उभ्या राहतात. दुष्काळ आभाळाने पाडला म्हणावे, तर समोर भरलेले धरण आहे. या तालुक्याची तहान भागवण्यासाठी योजना आखली तीही इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणावरून पाणी आणण्याची! धरण पायथ्याशी आणि घागर पालथी. कारण धरण बांधले तेव्हा पाड्याने मागणी नोंदवलेली नव्हती. जमीन मात्र त्याच्याकडे मागितली होती.

याचा अर्थ मुंबईचे पाणी तोडा, असा नव्हे. मुंबईत राहतात ती माणसेच. त्यांतली कितीतरी याच पाड्यांवरून आणि दुष्काळी मुलखातून पोटासाठी आली आहेत. धरण झाले नसते तर पाड्याला पाणी मिळाले असते, असेही नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करताना पहिली ओळ कुणाची लिहायची? माझ्या अल्पमतीने ती ज्यांच्या उशाशी तलाव आहे त्यांची असावी. अख्ख्या पाड्याला लागणारे पाणी शहराच्या एखाद्या फुटक्या जलवाहिनीतून वाहून जाणाऱ्या पाण्याहून फारसे जास्त नसेल. दुसरी ओळ गळतीची असावी. धरण बांधायला नदी लागते, जंगल लागते, कुणाचे तरी गाव लागते. गळती थांबवायला यांतले काहीच लागत नाही. पण गळती थांबवल्याचा उद्घाटन-सोहळा होत नाही, ही तिची अडचण असावी. तिसरी ओळ वापरलेल्या पाण्याची. ते शुद्ध करून बागांना, कारखान्यांना, शौचकुपांना देता येते. आणि इतके करूनही तूट उरली, तर चौथ्या ओळीत नवे धरण खुशाल लिहावे. आजवर आपण हा कागद नेहमी चौथ्या ओळीपासून वाचत आलो.

गारगाईचे काम पुढे सरकेल तेव्हा तिथल्या आदिवासींना गावे सोडावी लागतील. त्यांना जमिनीचा मोबदला किती, याची चर्चा होईलच. तिच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जावा: नव्या जागी त्यांच्या दारात नळ असेल का, आणि त्याला पाणी कुठल्या दिवसापासून येईल? या प्रश्नाचे उत्तर धरणाच्या पायाभरणीआधी लेखी मिळाले पाहिजे. ही मात्र मागणीच आहे.